खाली राहिलेली दोरी

रविवारी आईने काकड्या खारवल्या. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं तेवढंच आहे. मी शनिवारी ताल्लिनहून तार्तूला आईकडे आले होते, दर पंधरा दिवसांनी यायची तशी, आणि रविवारी संध्याकाळच्या बसने परत जाणार होते. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बरणीत काकड्या उभ्या रचत होती. मध्ये शेपूचे तुरे, लसूण, अंगणातल्या बेरीच्या झुडपाची दोन-चार पानं. आमच्या डोक्यावर, छताखाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत चार दोऱ्या होत्या आणि त्यांवर ओले कपडे. उशीचे अभ्रे, तिचे दोन झगे, मी येणार म्हणून मुद्दाम धुतलेला टॉवेल. बाहेर एक्क्याण्णवच्या ऑगस्टचं लख्ख ऊन पडलं होतं. शेजारच्या सेल्मा मावशीच्या चादरी अंगणात वाऱ्यावर फडफडत होत्या आणि आम्ही दोघी घरात साबणाच्या ओल्या वासात मान वाकवून बसलो होतो. मी पन्नाशीची, ती चौऱ्याहत्तरची. एका झग्याच्या टोकातून थेंब पडत होता, तिथे तिने वाडगा ठेवला होता. माझ्या नवव्या वर्षापासून आमच्या घरी कपडे असेच वाळत होते, बाराही महिने. आलेला माणूस ओल्या चादरी हातांनी बाजूला सारत, पडदे ओलांडल्यासारखा आत यायचा. बहुतेक लोक येणं टाळायचे.

"ती मोठी बरणी काढून दे वरची," आई म्हणाली. "तुला ठाऊक आहे ना माझा खांदा."

मी बरणी काढून दिली. ठाऊक होतं. त्या उजव्या खांद्याबद्दल मला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं, आणि म्हणूनच त्याविषयी मी एक अक्षर कधी बोलले नव्हते. त्या दुपारी मात्र काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला तोंड उघडलं.

"आई."

"काय गं?"

"काही नाही. मीठ जरा जास्त झालंय का?"

"चाखल्याशिवाय बोलू नये. आवर, बस चुकेल तुझी."

फाटकापर्यंत ती आली. आमच्या वस्तीतल्या गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत: बटाटा गल्ली, वाटाणा गल्ली, घेवडा गल्ली. आमची वाटाण्याची. कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं तर ती फाटकाची कडी दोनदा तपासत होती. "पोचल्यावर फोन करू नकोस," तिने ओरडून सांगितलं, "सेल्माला उगाच उठून यावं लागतं." फोन सेल्मा मावशीकडे होता. मी हात केला. तिने डावा हात वर केला.

सोमवारी सकाळी रेडिओवर गंभीर संगीत लागलं होतं. आमच्याकडे संगीत असं अचानक गंभीर झालं की माणसं मीठ आणि काड्यापेट्या आणायला धावतात. मॉस्कोत कडव्या मंडळींनी सेनेच्या बळावर सत्ता घेतली होती, रस्त्यांवर रणगाडे होते, आणि सीमेपलीकडच्या पस्कोवहून चिलखती गाड्या आमच्या दिशेने निघाल्याची बातमी होती. तीन वर्षं आम्ही हळूहळू सैल होत गेलो होतो. एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा, जो घरात सापडला तर माणूस सैबेरियात जायचा, तो आता ताल्लिनच्या बुरुजावर उघडपणे फडकत होता. देश मात्र अजून आमचा झालेला नव्हता. मी ज्या प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते तिथे कुणी काम केलं नाही, पण कुणी घरीही गेलं नाही. सगळे आपापल्या खुर्चीत बसून राहिले, जणू उठलं तर जागा जाईल. संध्याकाळी सेल्मा मावशीचा फोन आला.

"हेल्वी, आई पडली गं. स्वयंपाकघरातच. डोक्यात रक्त साकळलंय म्हणतात. इस्पितळात ठेवलंय."

"बोलते का?"

"तोंड वाकडं झालंय. पण डोळे सगळं ऐकताहेत. तू ये. जसं जमेल तसं, पण ये."

शेवटची बस निघून गेली होती. मंगळवारी सकाळी सहाची मिळाली.

पोल्त्सामा गावाच्या अलीकडे बस रस्ता सोडून बार्लीच्या शेतात उतरली आणि थांबली. समोरून ते येत होते. आधी रस्ता आला, म्हणजे रस्त्याचा आवाज: पायांखालचा पत्रा थरथरायला लागला, खिडकीच्या काचा दात वाजवू लागल्या. मग गाड्या दिसल्या, मातकट हिरव्या, एकामागून एक. वर बसलेली मुलं झोपाळलेल्या चेहऱ्यांची, कानावर टोप्या ओढलेली. ती ताल्लिनकडे चालली होती आणि मी त्यांच्या उलट दिशेने, आईकडे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"बसा निवांत," तो म्हणाला. "पाहुणे चाललेत. वाट द्यावी लागते."

"पाहुणे?" माझ्या पुढच्या बाईने मांडीवरची अळंब्यांची बादली दुसऱ्या बाजूला घेतली. "एक्कावन्न वर्षं झाली, हे पाहुणे पाटावरून उठायचं नाव घेईनात."

"मधले बरे होते, तीन वर्षांत उठले," मागून एक म्हातारा म्हणाला.

"कोण, जर्मन? उठले, पण जाताना ताटंसुद्धा उचलून नेली की हो आजोबा."

"ताटं नेली, पाट ठेवला. यांचं उलट आहे."

बस हसली. मग एका गाडीच्या तोफेची नळी वळणावर आमच्या दिशेने फिरली. बाईने बादलीवर फडकं ओढलं, जणू अळंब्यांना दिसू नये. मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. तार्तू तासाभराच्या अंतरावर होतं. मी गाड्या मोजायला लागले आणि एकतीसवर थांबले, कारण मोजून त्या संपत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. "किती वेळ लागेल?" मी ड्रायव्हरला विचारलं. "बाई, मला विचारता? मी काय त्यांचा सेनापती? पायी जायचं तर जा, शेत मोकळं आहे." मी उठले. दारापर्यंत गेलेही. पायरीवरून बार्ली दिसत होती, पिकलेली, आणि तिच्यापलीकडे जंगल, आणि रस्ता जिथे असायला हवा तिथे ते. मी परत येऊन बसले. काच बंद होती आणि उघडत नव्हती. माझा श्वास तिच्यावर उमटत होता आणि विरत होता. मला वाटलं की मी ओल्या चादरींच्या मध्येच बसले आहे, इतकी वर्षं तिथेच बसलेली आहे.

मला बाबा आठवत नाहीत, बाबांचा आवाज आठवतो. तोही खरा की आजीने सांगून सांगून माझ्या कानात बसवलेला, सांगता येत नाही. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन निघून गेले होते आणि रशियन अजून पोचायचे होते. मधल्या त्या चार-पाच दिवसांत ताल्लिनच्या बुरुजावर आमचा झेंडा चढला. दाराच्या फटीत बोट घालावं तसा आमचा देश त्या दोन दारांच्या फटीत उभा राहिला. तेव्हाच बाबा किनाऱ्यावरून एका मासेमारीच्या होडीतून स्वीडनला निघाले. होडीत एकच जागा होती. जाताना ते म्हणाले, "हा झेंडा उतरवतील. पण पुन्हा चढला की मी आलोच समज." मी चार वर्षांची होते. आजी मला झोपवताना हे वाक्य म्हणायची, प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतात तसं. निळा, काळा, पांढरा, आणि मग बाबा.

आई भूगोल शिकवायची. पाच वर्षांत तिने वर्गाच्या एकाच खिळ्यावर तीन नकाशे टांगले. पहिल्यात आमचा देश होता. दुसऱ्यात तो जर्मनांच्या एका पूर्वेकडच्या प्रांताचा तुकडा होता. तिसऱ्यात सोव्हिएत संघाच्या लालीच्या कडेला चिकटलेला एक डाग. मुलं गोंधळायची. ती म्हणायची, "नद्या त्याच आहेत. नद्या पाठ करा." याच्यापुढे जाऊन ती कधी काही बोलली नाही. तिच्यात धीर नव्हता. शूर माणसांबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं आणि त्यांतलं एकही लक्षण मला आईत सापडलं नाही. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की तिच्या हातातला चमचा बशीवर वाजायचा. पाऊल वरच्या मजल्यावर गेलं की ती चमचा उचलून पाहायची, जणू दोष त्याचा होता.

पन्नास साली चोवीस फेब्रुवारीला शुक्रवार होता. चोवीस फेब्रुवारी हा आमचा स्वातंत्र्यदिन. म्हणजे तेव्हा तो नव्हता, तेव्हा त्या तारखेला माणसं घरात मेणबत्तीसुद्धा जरा जपून लावत. आदल्या दिवशी आईने धुणं काढलं होतं. पिळलेले कपडे टोपलीत होते आणि शाळेतून आलीस की त्यांना हात लावू नकोस, मी आले की टांगीन, असं तिने मला सांगून ठेवलं होतं. थंडीत कपडे बाहेर टांगायची आमची पद्धत आहे. ते आधी गोठतात, फळ्यांसारखे कडक होतात, आणि मग त्या बर्फातूनच हळूहळू वाळतात. घरात आणले की त्यांना स्वच्छ थंड वास येतो. आजी आदल्या शरद ऋतूत वारली होती. घरात मी एकटी. टोपलीत वरच निळी चादर होती. मग आजीची काळी लोकरी शाल, आई आता ती वापरायची. मग पांढरी चादर. मी तिन्ही वेगळ्या काढल्या. लोक नंतर म्हणाले असते की पोराचा खेळ, योगायोग. योगायोग नव्हता. टोपलीत पिवळा टेबलक्लॉथ होता, माझा तपकिरी झगा होता. ते मी तळाशी सारले.

दोरी सरपणाच्या खोलीपासून सफरचंदाच्या झाडापर्यंत होती, मध्ये एका दुबेळक्या काठीचा टेकू देऊन वर उचललेली. मला पोचेना. मी काठी काढली आणि दोरी खाली आली, माझ्या छातीपर्यंत. मी तिन्ही कपडे शेजारी शेजारी लावले, क्रमाने, चिमट्यांनी अडकवून. मग काठी पुन्हा लावायला गेले तर ओल्या कपड्यांचं वजन मला उचलवेना. दोरी खालीच राहिली. मला त्याचं वाईट वाटलं, कारण उंच असता तर झेंडा नदीवरून दिसला असता. नंतर मी आत जाऊन खिडकीशी बसले, रस्त्याकडे बघत. बाबा कसे येतील याचा मी विचार केला होता: होडी बर्फात कशी येणार? मग ठरवलं की ते घसरगाडीवरून येतील.

आधी आई आली. ती फाटकातच थांबली. तिने बॅग खाली टाकली नाही, ठेवली, नीट, बर्फ झटकून. मग ती दोरीकडे गेली. कपडे गोठले होते. तिने चिमटा ओढला तर तो मोडला. तिने काळी शाल ओढली. शाल दोरीला चिकटून बसली होती आणि सुटली तेव्हा घडी होईना. ती शाल काखेत धरून, एखादं दार काखेत धरावं तशी, ती अंगणातून पळत आली. मग निळी चादर. ती दरवाजातून मावेना. आईने ती उंबऱ्यावर गुडघ्याने दुमडली आणि चादर मधोमध तडकली, त्याचा आवाज आला. अंगणाच्या तिन्ही बाजूंना खिडक्या होत्या. किती पडदे हलले मी पाहिलं नाही. पांढरी चादर आत आणल्यावर आईने दार लावलं, पाठ दाराला टेकवली, आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मारेल. मी गाल तयार ठेवला होता. तिने मला मारलं असतं तर कदाचित मी तेव्हाच रडून सगळं सांगितलं असतं आणि ते संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली. त्यांच्यातला एक आमच्याच बोलीत बोलणारा, तार्तूचाच असावा. आई पोळी परतत होती. त्यांनी अंगण पाहिलं, दोरी पाहिली. घाबरलेल्या आईला काठी उभी करायचं सुचलंच नव्हतं.

"एवढ्या खाली दोरी बांधता तुम्ही, बाई?" त्याने हसून विचारलं. "मुलगी केवढी आहे?"

"नऊ वर्षांची," आई म्हणाली. मी तिच्या मागे उभी होते आणि मला तिच्या पाठीवरचं झग्याचं कापड हलताना दिसत होतं. "माझा खांदा धरलाय. हात वर जात नाही. म्हणून दोरी खाली घेतली. जे हाताला लागलं ते टांगलं. तारीख माझ्या लक्षात नव्हती."

"भूगोलाच्या बाईंच्या तारीख लक्षात नाही?"

"भूगोलात तारखा नसतात."

हे ती बोलली. आजही मला ते तिचं वाटत नाही. त्यांनी तिला नेलं; ती दोन दिवस गुप्त पोलिसांच्या करड्या इमारतीत होती आणि मी सेल्मा मावशीकडे जेवत होते. तिसऱ्या दिवशी ती परत आली, शाळेची किल्ली गळ्यातून काढून ठेवली, आणि छताला दोऱ्या बांधायला स्टूल घेतलं. "यापुढे कपडे घरात वाळतील," एवढंच म्हणाली. शाळा गेली. पुढची बावीस वर्षं तिने खमिराच्या कारखान्यात काढली. तिच्या केसांना आंबूस पिठाचा वास यायचा, रविवारीही, नाताळातही. माझ्या नावावर काही आलं नाही. मला विद्यापीठात जागा मिळाली, पुस्तकं मिळाली, ताल्लिनची खोली मिळाली.

आणि खांदा. अंगणात, दुकानात, कारखान्यात तिचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. टोपीसुद्धा ती डाव्या हाताने घालायची. घरात मात्र, पडदे ओढल्यावर, वरच्या फळीवरचा मुरंबा ती सहज उजव्या हाताने काढायची. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा दहा वर्षांची होते. हात वर, बोटं बरणीवर, आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कळलं की तिला कळलं आहे, आणि तिलाही कळलं की मला ते समजलं. आम्ही दोघींनी ब्रेडवर मुरंबा लावून खाल्ला. पुढे कधीतरी, केव्हा ते मला सांगता येणार नाही, घरातही हात वर जाईनासा झाला. खोटं बोललेलं सांध्यात उतरलं. मी डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, वापरला नाही की सांधा असाच धरतो. आई त्यांच्यापुढे अपराध्यासारखी हसली. त्याआधी, अठ्ठावन्न साली, स्वीडनहून एक कार्ड आलं होतं, फोटोसकट: बाबा, एक बाई, दोन मुलं, थोरलं नऊ-दहा वर्षांचं. आई चष्मा लावून बराच वेळ पाहत होती. "गोरी आहेत मुलं," म्हणाली आणि कार्ड सुरीकाट्यांच्या खणात ठेवलं. म्हणजे मी दोरीवरून हाक मारली तेव्हा त्या माणसाचं तिकडे घर झालेलं होतं. आम्ही यावरही बोललो नाही. लोक म्हणतात न बोललेली गोष्ट दोन माणसांमध्ये भिंतीसारखी उभी राहते. आमच्यात ती भिंत नव्हती. ती आमची खोली होती. आम्ही तिच्यातच राहत होतो आणि बाहेर पडायचं तर दोघींनी एकदम पडायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी लोक बोलायला लागले तेव्हा कुणाला तरी ती चादरीची गोष्ट आठवली. एक वार्ताहर घरी आला, ओल्या कपड्यांखालून वाकून. "त्यांच्या नाकावर टिच्चून तुम्ही झेंडा फडकावलात, बाई!" आई म्हणाली, "खांदा दुखत होता हो. जे हाताला लागलं ते टांगलं." अडतीस वर्षांनंतरही तिने जबाब बदलला नाही. वार्ताहराने लिहिलं की बाई फार विनयशील आहेत. मी टेबलाशी ब्रेडला लोणी लावत होते. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं? सांग, की सांगू नकोस? मी लोणी कडेपर्यंत नीट पसरवलं.

"चला, संपले," ड्रायव्हर म्हणाला. शेवटची गाडी दुसरीला साखळीने ओढत नेत होती. बादलीवाली बाई म्हणाली, "बघा, ढकलगाडी. म्हणे महासत्ता." सगळे हसले, मोठ्याने, गरजेपेक्षा जास्त वेळ. दहा वाजले होते. बस शेतातून वर चढेपर्यंत चाकं दोनदा फिरून जागीच राहिली. पुरुष उतरून ढकलू लागले. मीही उतरले आणि पत्र्याला खांदा लावला.

मी अकरा वाजता इस्पितळात पोचले. आई साडेनऊला गेली होती. परिचारिकेने तिचा उजवा हात छातीवर आणून ठेवला होता. "कठीण गेलं," ती म्हणाली, "फार धरला होता खांदा." मी तो हात हातात घेतला. मी तेव्हाच म्हणू शकले असते. खोलीत आणखी तीन बायका होत्या, त्या भिंतीकडे तोंड करून रेडिओ ऐकत होत्या. मी हात पुन्हा होता तसा ठेवला.

बुधवारी सकाळी सेल्मा मावशी कोबीचं सूप घेऊन आली आणि उंबऱ्यातच रडायला लागली. रात्री ताल्लिनमध्ये आमच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. "तुझ्या आईने, मेताने, एक दिवस थांबायचं होतं गं," ती म्हणाली. "एकच दिवस." मी आईला घालायच्या मोज्यांचा दुसरा पाय शोधत होते. सबंध खण उपसून झाला होता. मला आनंद झाला का? झाला असावा. पण तो शेजारच्या घरातल्या गाण्यासारखा होता, आमच्या भिंतीतून आलेला.

शनिवारी दफन झालं. आईचा जुना विद्यार्थी अर्वेद, आता वस्तीच्या समितीत आहे, तो झेंडा घेऊन आला आणि शवपेटीवर पसरू लागला. त्याने मला विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काय होतं? मी कडेला उभी राहून निळ्या, काळ्या, पांढऱ्याकडे पाहत राहिले. खाली आई होती. मला वाटलं, पुन्हा एकदा हे तिच्या अंगावर टाकलं जातंय आणि पुन्हा मी गप्प आहे.

दफनभूमीतून आल्यावर जेवण आमच्याच घरी होतं. दोन टेबलं जोडली होती, वर बटाट्याची कोशिंबीर, मांसाचे पाव, खारवलेले हेरिंग मासे, आणि आईच्या रविवारच्या काकड्या. बावीस माणसं त्या स्वयंपाकघरात. छताच्या दोऱ्या मी काढू दिल्या नव्हत्या. पुरुष उठताना डोक्याला लागत होत्या. मला भिंतीकडची जागा दिली होती, एका बाजूला अर्वेद, दुसऱ्या बाजूला सेल्मा मावशी. उठायचं म्हटलं तर पाच माणसांना उठवावं लागलं असतं.

अर्वेद पेला घेऊन उभा राहिला. "मी बाईंच्या वर्गात होतो," तो म्हणाला. "तीन नकाशे पाहिले मी त्या भिंतीवर. 'नद्या पाठ करा', बाई म्हणायच्या. म्हणजे काय, ते मला आता कळतंय. आणि पन्नास साली, आपण सगळे बिळात लपलो होतो तेव्हा—"

"तू कसला लपतोस, तेव्हाही एवढाच गुबगुबीत होतास," सेल्मा मावशी म्हणाली. "आटप, पाव निवताहेत."

"बोलू द्या मावशी. तेव्हा या एका बाईने चोवीस फेब्रुवारीला याच अंगणात झेंडा चढवला. चादरींचा का होईना. नोकरी गेली, खांदा गेला, पण बाई वाकल्या नाहीत. शाळेला आपण त्यांचं नाव देणार आहोत. दारावर फलक लागेल. मजकूर हेल्वी लिहील, तिचा धंदाच तो. काय गं हेल्वी? दोन शब्द बोल."

सगळे माझ्याकडे वळले. कुणाच्या तरी चमच्याचा बशीवर आवाज झाला. फलक लागणार होता. तांब्याचा, पावसात न पुसणारा, आणि मजकूर माझ्या हातचा. मला त्या फलकाखालून जाणारी मुलं दिसली. उद्यापासून आई ती बाई होणार होती, कुणाला न घाबरणारी, आणि माझी आई, दोन दोनदा कडी तपासणारी, कुठेच उरणार नव्हती.

"अर्वेद," मी बसूनच म्हणाले, "ते कपडे आईने टांगले नव्हते."

"म्हणजे?"

"मी टांगले."

सेल्मा मावशीने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरी, आज कशाला..."

"आजच. मला तारीख माहीत होती. रंग माहीत होते. पिवळा टेबलक्लॉथ मी तळाशी सारला होता. देशासाठी नाही केलं मी ते. झेंडा चढला की बाबा येतील, असं मला सांगितलेलं होतं." माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता, पण तो येत होता. "दोरी खाली राहिली, कारण काठी मला उचलवली नाही. आईच्या खांद्याला काही झालेलं नव्हतं. खांदा धरल्याचं सोंग तिने त्या माणसांसमोर केलं, आणि मग जन्मभर तो तसाच धरून ठेवला, मला कुणी विचारू नये म्हणून."

अर्वेद पेला घेऊन उभाच होता.

"फलक लावायचा तर लावा. पण ती शूर होती असं लिहू नका. ती फार घाबरायची. पावलं वाजली तरी घाबरायची. एवढी घाबरणारी बाई दोन दिवस त्या इमारतीत बसली आणि माझं नाव न घेता परत आली. मी एक्केचाळीस वर्षं तिच्यासमोर बसून जेवले, आणि तिला एवढंसुद्धा म्हटलं नाही की..."

इथे मला थांबावं लागलं. ती समोर नव्हती, तिला आम्ही दुपारी मातीत ठेवून आलो होतो, आणि हे त्या बावीस माणसांना सांगायचं नव्हतंच. तरी मी म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर:

"आई, मी होते गं. मी मुद्दाम केलं होतं. आणि तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं."